भरवसा नव्हे, कडी

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या सभागृहात आरती आटोपली आणि मंडळी प्रसादाचे द्रोण हातांत घेऊन बसली असता, एका सन्माननीय सभासदांनी आपल्या मोबाइलवरील एक चित्रफीत सर्वांस दाखविली. तीत त्यांचा लॅब्रेडॉर जातीचा धिप्पाड कुत्रा गालिच्यावर पसरला होता आणि त्याच्या पाठीवर एक निळे बजरीगर पाखरू इकडून तिकडे चालत होते. कुत्र्याने एकदा मान वळवून पाहिले, जांभई दिली व पुन्हा डोळे मिटले. चित्रफीत अर्ध्या मिनिटाची होती. ती संपताच टाळ्या पडल्या. गृहस्थ म्हणाले, “प्रेम द्या, म्हणजे जनावरदेखील आपला स्वभाव विसरते. आम्ही पिंजऱ्याला दारच ठेवलेलं नाही!” आणखी टाळ्या पडल्या. आम्ही तेवढ्या वाजविल्या नाहीत. शेजारी बसलेल्या एका भगिनींनी आम्हांला विचारले, “तुम्हांला आवडलं नाही वाटतं?” आम्ही उत्तर दिले नाही. ते उत्तर आज येथे देत आहो.

हे गृहस्थ वयाने आणि हुद्द्याने आमच्याहून पुष्कळ वडील आहेत. आम्ही केंद्र सरकारच्या एका खात्यातील साधे कारकून. कचेरीत त्यांच्यापुढे उभे राहून त्यांच्या टिपणीवर उलट शेरा मारण्याची आमची प्राज्ञा नाही. परंतु मंडळात आणि मासिकात हुद्दे दाराशी काढून ठेवायचे असतात, असा आमचा समज आहे. शिवाय ह्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार विद्वत्तेचा नसून अपराधाचा आहे. तो कसा, ते यथावकाश सांगू.

प्रथम आमचे म्हणणे काय नाही, ते स्पष्ट केलेले बरे. कुत्रा आणि पाखरू एका घरात राहूच शकत नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. आमच्याच दोन खोल्यांच्या सरकारी निवासात आज एक कुत्रा आणि दोन बजरीगर पाखरे सुखाने नांदत आहेत. आमचे म्हणणे इतकेच, की हे सुख कुत्र्याच्या सद्गुणांवर उभे नाही. ते दाराच्या कडीवर उभे आहे. जो घरधनी कडीच्या जागी प्रेमाचा भरवसा ठेवतो, तो उदार नसतो, निष्काळजी असतो. आणि ती निष्काळजी स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या जिवावर केलेली असते.

आपण परमुलखात राहणारी माणसे प्राणी का पाळतो, हे आम्ही जाणतो. आईवडील गावी, भाऊबंद दूर, शेजाऱ्याची भाषा निराळी; कचेरीतून परतल्यावर दाराशी शेपूट हलवीत उभा राहणारा कुत्रा हा ह्या वस्तीतला आपला पहिला नातलग. मुलांना सकाळी बोलके करणारे पाखरू हा दुसरा. आमच्या सहा वर्षांच्या कन्येने आपल्या पहिल्या पाखराला “चिऊ, ये” हे दोन शब्द शिकविण्याचा ध्यास घेतला होता. शाळेत हिंदी, अंगणात पंजाबी आणि दूरदर्शनवर इंग्रजी ऐकणाऱ्या त्या पोरीला, घरात आपल्याखेरीज आणखी कोणी मराठी बोलावे, असे वाटे. तेव्हा ह्या प्राण्यांवरील माया आम्ही हसण्यावारी नेत नाही. माया आहे म्हणूनच वाद घालतो आहोत.

आता प्रतिपक्षाचे मुद्दे घेऊ. पहिला मुद्दा असा, की आमचा कुत्रा स्वभावाने गरीब आहे. तो माशीलाही दुखवीत नाही. आम्ही विचारतो, तो कोणत्या जातीचा? बहुधा उत्तर येते, लॅब्रेडॉर. ह्या कुत्र्याचे पूर्ण नाव ‘लॅब्रेडॉर रिट्रीव्हर’ असे आहे. न्यू फाउंडलंड बेटावरील कोळ्यांच्या ह्या कुत्र्यांचे वंशज इंग्लंड-स्कॉटलंडातील उमरावांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढविले, ते बंदुकीने पाडलेले पक्षी धावत जाऊन तोंडात धरून आणण्यासाठी. ‘रिट्रीव्हर’ ह्या शब्दाचा अर्थच तो. कॉकर स्पॅनियल हा दुसरा लाडका कुत्रा. त्याच्या नावातील ‘कॉकर’ हा ‘वुडकॉक’ नावाच्या पक्ष्याच्या शिकारीवरून आला. पॉइंटर आणि सेटर हे तर झुडपात दडलेला पक्षी हुंगून दाखविणारे. म्हणजे ज्या कुत्र्यांना आपण पाखराचे भाऊ म्हणून मिरवितो, त्यांतील निम्म्यांना माणसाने शतकानुशतके पक्ष्याकडे ध्यान देण्याचेच शिक्षण रक्तातून दिले आहे. आता ते शिक्षण अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीने पुसले गेले, असे आम्ही मानावे काय?

ह्यावर एक चतुर उत्तर येते. रिट्रीव्हरचे तोंड मऊ असते. धरलेला पक्षी तो चावत नाही, अलगद आणतो. हे खरे आहे. परंतु तो अलगदपणा मेलेल्या रानबदकापुरता आहे, आणि रानबदक एक किलोच्या आसपास भरते. बजरीगर पाखराचे वजन तीस ते चाळीस ग्रॅम. लॅब्रेडॉरचे साधारण तीस किलो. दोघांमध्ये सुमारे हजारपटीचे अंतर आहे. सत्तर किलोच्या मनुष्यावर सत्तर हजार किलोच्या प्राण्याने लाडाने पाय ठेवला, तर त्या लाडाचे काय करायचे, ह्याचा विचार वाचकांनी करावा.

आणि येथे पाखराच्या देहाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आम्हांलाही फार उशिरा कळली. आपल्या छातीखाली श्वासाचा पडदा असतो. पक्ष्याला तो नसतो. त्याच्या छातीचे हाड पुढेमागे हलते, तेव्हा हवा आत-बाहेर होते. ते हाड दाबून धरले की श्वास थांबला. रक्त नाही, जखम नाही, पीसही विस्कटलेले नाही, आणि पाखरू गुदमरून गेलेले असते. म्हणून ‘चावला तर नाही ना’ हा प्रश्नच व्यर्थ आहे. आणि चावला असेल, नुसता दात वा नख लागले असेल, तरी पाखरू वाचले असे समजू नये. कुत्र्या-मांजरांच्या तोंडात पुष्कळदा पाश्चुरेला नावाचे जंतू राहतात. लुई पाश्चरने १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या पटकीवर प्रसिद्ध प्रयोग केले, ते ह्याच जंतूंवर. पाखराच्या रक्तात ते शिरले, तर एक-दोन दिवसांत प्राण घेऊ शकतात. त्यातून पाखरू आपले दुखणे लपविते. रानात दुबळा दिसणारा पक्षी प्रथम मारला जातो, म्हणून निसर्गाने त्याला ही सवय दिली. दांडीवर शांत बसलेले पाखरू बरे आहे, असे आपण म्हणतो, आणि सकाळी ते पिंजऱ्याच्या तळाशी सापडते.

दुसरा मुद्दा : दोघे लहानपणापासून एकत्र वाढले आहेत. ह्या मुद्द्यात तथ्य नाही, असे नाही. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर ह्या दोघा संशोधकांनी कुत्र्यांच्या वागणुकीचा दीर्घकाळ अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखी जुळण्याचा असतो, असे त्यांनी दाखविले. त्या काळात पाहिलेल्या प्राण्याला कुत्रा परका मानीत नाही. ठीक. परंतु पाखरू दांडीवर बसलेले असते तेव्हा कुत्र्याच्या लेखी ते एक प्राणी असते, आणि फडफडत जमिनीवर पडते तेव्हा दुसराच. पाहणे, दबा धरणे, धावणे, पकडणे ही साखळी त्याच्या देहात गुंडाळून ठेवलेली असते, आणि पंखांची फडफड ही ती उलगडणारी कळ आहे. ओळख त्या साखळीला लांबवू शकेल. तोडील, अशी हमी कोणी द्यावी? मांजराला घाबरून, दारावरची घंटा वाजून, दिवा एकाएकी जाऊन पाखरू कधी ना कधी भेदरणारच. तो क्षण चित्रफितीत नसतो. कारण त्या क्षणी कोणी मोबाइल हातात धरलेला नसतो.

तिसरा मुद्दा सर्वांत लोकप्रिय : “आजवर काही झालं नाही.” आम्ही कचेरीतली माणसे आहोत, तेव्हा कचेरीतलाच दाखला देतो. सरकारी कोषागाराच्या खोलीला दुहेरी कुलूप असते. दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे असतात, आणि दोघे हजर असल्याखेरीज दार उघडत नाही. आजवर अफरातफर झाली नाही, सबब कुलपे काढावीत, असा शेरा आमच्या सन्माननीय मित्रांनी कधी मारला आहे काय? आणि दुहेरी कुलुपामुळे कोषाधिकाऱ्याच्या सचोटीचा अपमान झाला, असे कोणाला वाटते काय? उलट, कुलूप हेच त्या सचोटीचे संरक्षण आहे. ते प्रामाणिक माणसाला एका दुबळ्या क्षणापासून वाचविते. सार्वजनिक पैशाला आपण जी सावधगिरी देतो, ती तीस ग्रॅमच्या जिवाला द्यायला आपल्याला लाज का वाटावी?

आता आमचा अपराध. तीन वर्षांपूर्वी आमची भोपाळहून दिल्लीस बदली झाली. मोती हा आमचा कुत्रा भोपाळच्या वसाहतीतला, कोणत्याही नामांकित जातीचा नव्हे. रेल्वेने तो गार्डाच्या डब्यातील खोक्यातून आला आणि दोन दिवस जेवला नाही. चार वर्षांत त्याने कोणावर दात काढले नव्हते. चिऊ दिल्लीस आल्यावर घेतली. उन्हाळा-पावसाळ्यात पिंजरा गच्चीकडच्या खोलीत असे आणि मोती बाहेरच्या खोलीत, दोघांमध्ये दार. परंतु दिल्लीचा जानेवारी आला. थंडीने पिंजरा आत घ्यावा लागला. एकच खोली तापवायची, म्हणून सगळे घर त्या एका खोलीत गोळा झाले. रोज संध्याकाळी अर्धा तास चिऊला पिंजऱ्याबाहेर सोडीत असू, तेवढा वेळ मोती दाराबाहेर. त्या दाराच्या कडीचा कोयंडा निखळला होता. आम्ही मुठीला सुतळी बांधून काम भागविले. घरातील कामांची एक यादी आम्ही ठेवतो. तिच्यात ‘कोयंडा’ हा शब्द तीन रविवार होता. चौथ्या रविवारी पाहू, असे म्हणालो. कचेरीत इतरांची प्रकरणे विचाराधीन ठेवून ठेवून घरातलेही प्रकरण आम्ही विचाराधीन ठेवले.

गुरुवारची संध्याकाळ होती. दारावर कोणी घंटा वाजविली. सौभाग्यवती बाहेर गेल्या, मोती नेहमीप्रमाणे धावला, आणि परतताना त्याच्या अंगाच्या धक्क्याने सुतळी सुटली. तो आत आला तो रागाने नव्हे. शेपूट हलवीत आला. घंटेने भेदरलेली चिऊ पडद्याच्या दांडीवरून खाली आली होती. मोतीने पुढचा एक पाय तिच्यावर ठेवला, चेंडूवर ठेवतो तसा, आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही ओरडलो, तेव्हा त्याने लगेच पाय उचलला. इतकेच. रक्ताचा थेंब नव्हता. आम्ही तिला मफलरात गुंडाळून जिना उतरलो. रिक्षा मिळण्यापूर्वीच मफलरातली ऊब आमचीच काय ती उरली होती.

परत आलो, तेव्हा कन्या रडत नव्हती. तिने विचारले, “बाबा, मोतीनं मुद्दाम केलं?” आम्ही म्हणालो, “नाही.” थोड्या वेळाने तिने दुसरा प्रश्न विचारला, “मग दाराची कडी कुणी नीट करायची होती?” आमच्या आयुष्यात आमच्या कामाबद्दल अनेक शेरे लिहिले गेले आहेत. ह्या शेऱ्याला आमच्याजवळ आजही खुलासा नाही.

दुसऱ्या दिवशी वसाहतीतल्या लोकांनी सल्ले दिले. “कुत्रा खुनी निघाला, सोडून द्या कुठं तरी.” ज्यांनी आदल्या आठवड्यात मोतीला साधू म्हटले होते, तेच त्याला आता खुनी म्हणू लागले. आमच्या मते दोन्ही विशेषणे एकाच चुकीची आहेत. पाणिनीने व्याकरणात, ज्यांचे वैर जन्मजात आहे त्यांच्या द्वंद्व समासासाठी निराळा नियम सांगितला. साप-मुंगूस, कावळा-घुबड ही त्याची परिचित उदाहरणे. कुत्रा आणि पाखरू यांना ह्या नियमात आम्ही बसविणार नाही. कुत्र्याच्या मनात पाखराविषयी वैर नसते, हीच खरी धोक्याची गोष्ट आहे. वैर असते, तर ते दिसले असते. गुरगुरणे ऐकू आले असते. आपण सावध झालो असतो. तो खेळतो, आणि खेळात पाखरू मरते. साधुत्वाचे बिरूद लावून आपण कुत्र्यावर असे ओझे टाकतो, जे त्याने मागितलेले नव्हते. आणि ते पेलले नाही, की त्याला घराबाहेर काढतो. प्रेमाच्या नावाखाली ह्याहून मोठा अन्याय कोणता?

चौथा आणि शेवटचा मुद्दा भावनेचा आहे : भिंती, कड्या, पिंजरे ही करुणा नव्हे, करुणा मनाची असते, वाघ आणि शेळी एका पाणवठ्यावर पाणी पितात, ते खरे रामराज्य. ह्या वाक्प्रचाराने आपल्याला फार फसविले आहे, असे आम्हांला वाटते. आपल्याच महाभारतात शिबी राजाची कथा आहे. ससाण्याला भिऊन कबुतर राजाच्या मांडीवर आले. राजाने काय केले? ससाण्याला प्रेमाचा उपदेश केला नाही. दोघांना एका फांदीवर बसवून टाळ्याही घेतल्या नाहीत. ससाण्याची भूक खरी आहे, हे त्याने मान्य केले, आणि तराजू मागविला. रक्षण करणाऱ्याने किंमत स्वतः द्यायची असते, ती भक्षकाच्या सुधारणेवर ढकलायची नसते, हा त्या कथेचा अर्थ. आपल्याला कोणी मांडीचे मांस मागत नाही. एक कोयंडा मागितला जातो आहे.

दिल्लीच्या वाचकांस लाल किल्ल्यासमोरील जैन मंदिरातले पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय ठाऊक असेल. अहिंसा हेच ज्यांचे ब्रीद, त्यांनी चालविलेले हे स्थान. येथे जखमी पाखरांवर उपचार होतात. तेथेही शिकारी पक्ष्यांना इतर पक्ष्यांबरोबर ठेवीत नाहीत. त्या मंडळींची करुणा आमच्या मित्रांच्या करुणेहून कमी आहे, असे कोणी म्हणेल काय? आणखी एक दाखला. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे कोनराड लोरेंझ यांच्या ऑस्ट्रियातील घरात पक्षी आणि प्राणी मोकळे हिंडत. आपल्या १९४९ च्या पुस्तकात ते सांगतात, की मुलगी तान्ही असताना, तिच्यावर नजर ठेवायला कोणी नसले, म्हणजे त्यांच्या पत्नी मुलीलाच एका मोठ्या पिंजऱ्यात ठेवीत! प्राण्यांवर त्यांच्याइतके प्रेम करणारा आणि त्यांना त्यांच्याइतके ओळखणारा मनुष्य विरळा. त्याच्या घरातही शेवटी कामाला आली ती गज आणि कडी. फक्त आत कोणी बसायचे, एवढाच फरक.

तेव्हा टीका पुरे. करायचे काय, ते सांगतो. आमच्या घरात आता एक नियम आहे, आणि तो आम्ही कोषागारापासून घेतला : पाखरू आणि कुत्रा यांच्यामध्ये कोणत्याही क्षणी दोन अडथळे असले पाहिजेत. पिंजऱ्याचे दार आणि खोलीचे दार. पाखराला पिंजऱ्याबाहेर काढायचे असेल, म्हणजे एक अडथळा कमी होतो. तेव्हा मोतीला घरातील एकजण फिरायला नेतो, आणि तो परत येण्यापूर्वी पाखरे पिंजऱ्यात जातात. पंखा बंद असल्याचीही त्याच वेळी खात्री करून घेतो. छताच्या पंख्याने जाणारी पाखरे थोडी नाहीत. पिंजरा आकड्याला लोंबकळत ठेवीत नाही. भिंतीला पक्क्या बसविलेल्या फळीवर, खांद्याहून उंच ठेवतो, आणि त्याची एक बाजू भिंतीला लागलेली असते. चारही बाजूंनी मोकळ्या पिंजऱ्यात पाखराला कुत्र्याच्या नजरेपासून पाठ वळवायला जागा नसते, आणि नुसती टक लावलेली नजरही त्याला खंगविते. तारांमधील अंतर अर्ध्या इंचाहून कमी हवे. पिंजऱ्याच्या दाराला व तळाच्या ट्रेला निराळी चिमटी लावावी. धक्क्याने प्रथम ट्रेच निसटतो.

कुत्र्याला शिकवावे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु कडीऐवजी नव्हे, कडीशिवाय आणखी म्हणून. ‘बस’, ‘सोड’, ‘जागेवर’ हे तीन शब्द त्याला पक्के यावेत. पिंजऱ्याकडे पाहून त्याने मान फिरविली, की तुकडा द्यावा. पिंजऱ्याजवळ त्याला मारू मात्र नये. मार त्याला पाखराशी जोडलेला आठवतो, आणि जेथे कुतूहल होते तेथे कटुता येते. गोचिडांवरची फवारणी पाखराच्या खोलीत कधीही करू नये; त्याची फुप्फुसे नाजूक असतात. सांडलेले राळे रोज झाडून घ्यावे, म्हणजे कुत्रा त्यासाठी पिंजऱ्याखाली ठाण मांडून बसत नाही. आणि दात, नख वा पंजा लागल्याची नुसती शंका आली, तरी जखम न शोधता त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. ‘सकाळी पाहू’ हा शब्द ह्या बाबतीत आम्ही आमच्या घरातून हद्दपार केला आहे.

आपणा बदलीवाल्यांसाठी एक गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. नव्या गावी पहिला महिना सर्वांत वाईट. कुत्रा बावरलेला असतो, त्याच्या सवयी विस्कटलेल्या असतात; दारे अनोळखी, कड्या ढिल्या, सामान खोक्यांत. म्हणून ताबा घेतल्यावर चूल मांडण्यापूर्वी आतल्या दारांच्या कड्या तपासाव्यात. ज्या घरात खोलीला दारच नाही, किंवा जेथे दिवसभर घरात कोणी नसते, तेथे दोहोंपैकी एकच प्राणी ठेवावा. हे बोलणे कठोर वाटेल. परंतु ‘जमेल कसेतरी’ ह्या आशेवर जीव पाळू नये. आणि पाळायचेच, तर माणसाच्या हाती पैदास झालेली बजरीगर वा कॉकाटील पाखरे घ्यावीत. बाजारात चोरून विकले जाणारे, रानातून धरलेले आपले पोपट-मैना विकत घेणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे. सरकारचे मीठ खाणाऱ्याने तरी ते करू नये.

ह्या लेखाने आमचे सन्माननीय मित्र रागावतील, ही शक्यता आम्ही गृहीत धरतो. त्यांचा कुत्रा कदाचित खरोखरच आयुष्यभर त्या निळ्या पाखराला इजा करणार नाही. तसे घडो, अशी आमची मनापासून इच्छा आहे. ह्या वादात आमचे हरणे हेच पाखराच्या हिताचे आहे. परंतु त्यांची चित्रफीत पाहून त्या रात्री सभागृहातून घरी गेलेल्या तीस-चाळीस कुटुंबांत निदान एका घरी पिंजऱ्याचे दार उघडे राहिले असेल, आणि त्या घरचा कुत्रा त्यांचा कुत्रा नाही. टाळ्या घेणाऱ्याने त्या घराची जबाबदारी घ्यायला नको काय?

येत्या उत्सवात त्यांनी आणखी एक चित्रफीत दाखवावी, अशी आमची विनंती आहे. तीत कुत्रा नसावा, पाखरूही नसावे. एका साध्या दाराला नवी कडी बसविणारे आमचे वडीलधारे मित्र तीत दिसावेत. त्या वेळी सभागृहात पहिली टाळी आमची असेल. तोवर आम्ही रोज रात्री दिवा मालविण्यापूर्वी दोन दारे हाताने ओढून पाहतो. आमच्या मागे कन्याही येऊन तीच दारे पुन्हा ओढून पाहते. तिने आमच्या शब्दावर विसंबू नये, हेच आम्हांला योग्य वाटते.